शिक्क्याचा मेल

तो मेल न उघडण्यात धाकट्याचा फायदाच फायदा होता. एक तर उघडला नाही, तर आत काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल माणसाला कोण काय विचारणार! शिवाय पाच वाजता चष्म्याच्या दुकानात मालकीणबाईंसमोर जाऊन बसायचं होतं. तिथे चेहरा कोरा लागणार होता, आणि वाचलेल्या माणसाला कोरा चेहरा जमत नाही. आणखी एक फायदा होता, तो जरा आतला. काल बाईंना फोनवर त्याने सांगून टाकलं होतं, "पाटी लावताना शिडीवाल्याने आपल्याच मनाने बोल्ट कमी मारले हो, मी असं काही म्हणालोच नव्हतो." हे वाक्य अजून ओलं होतं. वाळेपर्यंत त्याला कोणाचं बोट लागू द्यायचं नव्हतं. या सगळ्यासमोर नुकसान काय, तर फोनच्या पडद्यावर एक लाल ठिपका. ठिपका पाळायला काही खर्च येत नाही.

तरी दचकला तो दचकलाच. कारण मेल पाठवणारी काही सातासमुद्रापार नव्हती, काचेच्या पार्टिशनपलीकडे त्याच्याकडे पाठ करून बसली होती. दुकानांच्या पाट्या बनवायचं हे वर्कशॉप दोघांचं. मागच्या भागात थोरली बहीण ॲक्रिलिकची अक्षरं कापायची, गरम हवेच्या बंदुकीने वाकवायची, आत दिवे बसवायची. पुढच्या भागात टेबलाशी बसून धाकटा बोलायचा. बोलणं हेच त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता. आलेलं गिऱ्हाईक त्याच्या तोंडून आपल्याच दुकानाचं वर्णन ऐकून हरखून जायचं. "उद्या संध्याकाळी पाटी वर, दिवे चालू, लोक रस्त्यात थांबून बघतील," असं तो म्हणाला की त्याला स्वतःलाच ती माणसं थांबलेली दिसायची. परवापर्यंतही पाटी लागली नाही, तर, "मी उद्या म्हणालो? नाही हो. उद्याकडे बघू म्हणालो," आणि हसणं असं की समोरच्यालाच आपल्या कानांची शंका यावी. बोललेलं हवेत विरतं, या एका भांडवलावर त्याने इतकी वर्षं काढली होती. आणि थोरलीने नेमकं हवेलाच कुलूप घातलं.

झालं होतं असं की, एका बेकरीवाल्याने हिरवी पाटी पसंत केली, लागल्यावर म्हणाला मी निळी सांगितली होती. धाकट्याला त्यात गैर काही वाटलं नाही. उलट आपल्याच पंथाचा माणूस भेटला म्हणून बरं वाटलं. थोरलीने मात्र पाटी मुकाट्याने उतरवली, पुन्हा निळी केली आणि त्याच आठवड्यात त्या प्रमाणित मेलची सेवा घेतली. घरात त्याला नाव पडलं शिक्क्याचा मेल. यात पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक तिसरी कंपनी बसलेली असते. ती मजकुरावर, तारखेवर, वेळेवर अशी मोहोर उठवते की नंतर त्यातला स्वल्पविरामही कोणाला हलवता येत नाही. मेल तुमच्या पेटीत पडला की त्याची पोच पाठवणाऱ्याकडे जाते. तुम्ही उघडा नाहीतर उशीखाली घेऊन झोपा, पोचला तो पोचला. पहिल्यांदा धाकटा खूप हसला होता. "ताई, उद्या तू मला जेवायला हाकही शिक्का मारून देशील." थोरली म्हणाली, "देईन. तीनदा हाक मारून वर 'मला कुठे बोलावलं' ऐकण्यापेक्षा स्वस्त पडेल." आणि दिलाच तिने. आईला डॉक्टरकडे न्यायची पाळी कोणाची, याचा पहिला घरगुती मेल त्याला आला तेव्हा तो सगळ्यांना दाखवत फिरला, बघा आमच्या घरची न्यायव्यवस्था. आई पलंगावरून म्हणाली, "माझा पण एक पाठव ग त्याला. म्हणावं, आलास की घड्याळाकडे बघत बसू नकोस." थोरलीने तोही पाठवला. त्याची पोच तिच्याकडे आहे.

आताही ती पाठ ताठ होती, नेहमीसारखी. बंदुकीची गरम हवा सुरू होती, तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास पार्टिशनच्या फटीतून येत होता. ती कुठल्याशा अक्षराची वेलांटी वाकवत होती. दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून, थंड होईपर्यंत न हलता. लहानपणी तो वास नव्हता, ऑइलपेंटचा होता. वडील कुंचल्याने पाट्या रंगवायचे, आणि त्यांच्या घरात एक शिस्त होती: रजिस्टर टपाल घ्यायचं नाही. रजिस्टर पत्र म्हणजे कोणाची तरी तक्रार, रंग उडाला, अक्षर वाकडं आलं. घेतलं की सही, सही केली की आलं अंगावर. पोस्टमनची सायकल वाजली की वडील आतल्या खोलीत सरकायचे आणि दाराशी धाकटा उभा राहायचा. काय चेहरा करायचा तो! "बाबा परगावी गेलेत." मागे कुंचला डब्यावर निथळल्याचा आवाज येत असायचा, पोस्टमनला ऐकू जायचा, तरी तो निघून जायचा, कारण त्या चेहऱ्यावर अविश्वास दाखवणं जड जायचं. वडील मग त्याच्या डोक्यावर टपली मारायचे. ती टपली त्याला अजून आठवते, बोटांना टर्पेंटाइन असायचं. एकदा तो शाळेतून उशिरा आला आणि थोरलीने दार उघडून सही करून पत्र घेतलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. वडील म्हणाले, "घेतलंस कशाला?" ती म्हणाली, "तो उन्हातून तिसऱ्यांदा आला होता." पत्र फोडलं. बस कंपनीचं होतं, सगळ्या गाड्यांवर नंबर रंगवण्याच्या कामाचं; याआधीची दोन पत्रं परत आली, आता शेवटचं पाठवतो आहोत, असं वर लिहिलेलं. त्या कामावर त्यांचं घर पुढे कितीतरी काळ चाललं. वडिलांनी तिला शाबासकी दिली नाही. धाकट्याला तेव्हाही त्या गोष्टीचा हिशोब जमला नव्हता: आपण दारातून परत पाठवलेल्या पत्रांत अशी किती असतील? त्याने तो विचार कधी पूर्ण केला नाही. काही विचारही त्याने रजिस्टर टपालासारखे ठेवले होते, दाराबाहेर.

पण चष्मा दाराबाहेर ठेवता येत नव्हता. चष्म्याच्या दुकानावर लावायला थोरलीने तो बनवला होता, माणसाच्या उंचीएवढा, काळ्या पत्र्याच्या कड्या, आत दुधी काच आणि दिवे. मागच्या आठवड्यात, तो तयार झाला त्याच संध्याकाळी, बाईंना तो लागलेला हवा होता, आणि धाकट्याने शब्द दिला होता. त्याच दिवशी आईला डोळे तपासायला न्यायची पाळी त्याची होती. "ताई, आज तूच ने ना ग, मी शब्द देऊन बसलोय," तो म्हणाला, आणि थोरली आईला हाताला धरून दारापर्यंत पोचली तोच शिडीवाल्याचा फोन आला. भिंत कडक आहे, ड्रिलचं पातं तुटलं, निम्मेच बोल्ट बसलेत, काय करू? धाकट्याने टेबलावर पाय ताणले आणि म्हणाला, "निम्म्यावर बसव रे आज. उरलेले उद्या मारू. चष्मा कुठे पळून जातोय?" थोरली दारात थांबली. त्याने फोन कानाला तसाच ठेवून तिला हाताने सांगितलं, जा ग, मी बघतो. आई म्हणाली, "चल, रिक्षा थांबलीय." दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने शिडीवाल्याला दुसऱ्याच कामावर पाठवलं. आठवड्याने, परवा सकाळी, वारा जरा जास्त होता. बाई शटर वर करत होत्या आणि चष्म्याची एक बाजू सुटून त्यांच्या खांद्यावर आली. गळ्याजवळचं हाड मोडलं. दिवसभर तो चष्मा एका काडीवर लोंबकळत रस्त्याकडे तिरका बघत होता.

त्या रस्त्यावरच्या दुकानदारांच्या संघटनेच्या सेक्रेटरी ह्याच बाई. त्यांनी पाच वाजता धाकट्याला आणि शिडीवाल्याला दोघांनाही बोलावलं होतं. शिडीवाल्याचा दोष ठरला, तर त्या अख्ख्या रस्त्यावर पुन्हा कोणी त्याला शिडी टेकू देणार नव्हतं, आणि त्याची रोजीरोटी तोच रस्ता होता. धाकट्याला हे कळत नव्हतं असं नाही. तो दुष्ट नव्हता. त्याने मनात शिडीवाल्याची दुसरीकडे सोयसुद्धा लावून टाकली होती, एक ओळखीचा रंगकामवाला होता, त्याच्याकडे शब्द टाकू. शब्द टाकणं त्याला नेहमीच सोपं जायचं.

दुपारी तो वर्कशॉपमधून बाहेर पडला. पार्टिशनपाशी थांबून म्हणाला, "ताई, मी निघतो. चष्मा उतरवून घेतो." तिने बंदूक बंद केली नाही. "मेल आला का?" "आला असेल. बघतो." "पोच आलीय माझ्याकडे," ती म्हणाली. रागाने नव्हे, भाजी घेतलीस का, असं विचारावं तशी. रस्त्याने चालताना तो तिच्यावर चिडायचा प्रयत्न करत होता आणि जमत नव्हतं. आत काय असणार हे त्याला दिसतच होतं. तू असं असं म्हणालास, मी कानांनी ऐकलं. तिच्या मेलमध्ये विशेषण नसायचं, टोमणा नसायचा, 'अनेकदा सांगूनही' नसायचं. नुसतं जे झालं ते. एखादं अक्षर कापून ठेवावं तसं, कडा घासलेलं. त्याचं स्वतःचं सगळं बोलणं बाजूला मांडलं, तर त्यात असं उभं राहणारं एक वाक्य निघेल का? दोन्ही बाजूंना पाट्या होत्या, बऱ्याच त्यांच्याच. तो एकेका पाटीखालून जात होता आणि प्रत्येकीबद्दल आपण काय काय बोललो होतो ते आठवत होता, आणि पाट्या मात्र सरळ, घट्ट, बोललो होतो त्याहून चांगल्या लागलेल्या. हे त्याला आजच दिसलं.

शिडीवाल्याने चष्मा आधीच खाली उतरवून भिंतीशी टेकवला होता आणि तो शिडीवरून भोकं बुजवत होता. धाकट्याला पाहून खाली उतरला, हात पुसले.

"सकाळी बाईंचा फोन होता, धाकटे मालक. म्हणाल्या, तू म्हणे आपल्या मनाने केलंस."

"अरे, त्यांचा काहीतरी गैरसमज..."

"असेल. मोडलेल्या हाडाने माणूस काहीही ऐकतं." तो हसला, पण डोळे लाल होते; झोप झालेली नव्हती. "मग ताईंचा मेल आला. शिक्क्याचा. म्हटलं, आता ताईंनीही हात वर केले. तरी उघडला."

"भीती वाटली तर उघडलास कशाला?"

"ताईंचा मेल न उघडून कसं चालेल? धंदाच त्यावर आहे." धाकट्याला समजलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे तुमचा फोन येतो ना, आज रात्रीत लावून टाक, एका तारेवर भागव, तसा. मग मी जरा थांबतो. चहा पितो. तेवढ्यात ताईंचा मेल येतो, तार अमुक जाडीची, बोल्ट पूर्ण, घाई नाही. मग मी कामाला लागतो. सगळेच असं करतात, रंगवाला, वायरमन, गिऱ्हाइकंसुद्धा. बेकरीवाला तर म्हणतो, भाऊचं ऐकायला गोड, बहिणीचं करायला."

"माझा फोन झाल्यावर? प्रत्येक वेळी?"

"हो तर! त्या दिवशीही वाट बघितली की. दोन चहा झाले. आला नाही. मग म्हटलं, ताईंनी काही बदललं नाही, म्हणजे आज धाकटे मालक बरोबर असणार." तो मान खाली घालून ड्रिलची वायर गुंडाळू लागला. "तुम्ही वाचला का मेल?"

"नाही अजून."

"वाचा. मी नाही सांगणार आत काय आहे ते. तुमच्या घरचं आहे."

शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर धाकटा बसला. समोर तो मोठा चष्मा भिंतीला टेकून उभा होता, एक काच तडकलेली, आणि त्यात तो स्वतः दोन जागी दिसत होता. इतकी वर्षं तो समजत होता की गाडी त्याच्या जिभेवर चाललीय. आणि त्याच्या पाठीमागून, एकही दिवस न बोलता, कोणी तरी त्याचं एकेक वाक्य उचलून पूर्ण करत होतं. उरलेले बोल्ट मारत होतं. तिने हे कधी त्याला ऐकवलं नाही. पार्टिशनपलीकडची ती पाठ त्याला आठवली, फोन ठेवल्यावर क्षणभर बंद पडणारी गरम हवा आठवली. त्याला वाटायचं, बंदूक तापते म्हणून ती थांबते. एकच दिवस ती थांबू शकली नाही, कारण ती त्याच्या पाळीवर गेली होती. त्याला एकदम टर्पेंटाइनचा वास आला, कुठेही नसताना. दारात उभा असलेला तो मुलगा, तो चेहरा, आणि पायऱ्या उतरून उन्हात परत जाणारा पोस्टमन. घेऊन टाक ना रे, त्याला त्या मुलाला सांगावंसं वाटलं. घे आणि फोड. त्याने ठिपक्यावर अंगठा ठेवला.

मेल बाईंना होता. त्याला आणि शिडीवाल्याला प्रत. "तुमच्या दुकानावरची पाटी निम्म्या बोल्टांवर बसवावी, ही सूचना आमच्या वर्कशॉपमधून फोनवर दिली गेली. बसवणाऱ्याने ती पाळली. त्याच्याकडे दोष नाही. ही सूचना माझ्या कानावर पडली होती. नेहमीप्रमाणे मी ती लेखी बदलायला हवी होती, ते राहून गेलं. तेवढा भाग माझा आहे. फोनवर कोण बोललं आणि काय बोललं, हे आज पाच वाजता माझा भाऊ तुम्हाला स्वतः सांगेल."

त्याने शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा. थोरलीने आजवर जे शिक्क्याखाली घातलं, ते सगळं झालेलं होतं. दिलेली मापं, ठरलेले रंग, ठरलेल्या पाळ्या. न झालेलं एक अक्षर तिने कधी मोहोरबंद केलं नव्हतं. आणि हे वाक्य अजून झालेलंच नव्हतं. ते पाच वाजता व्हायचं होतं, आणि त्याच्यावर होतं. तारीख, वेळ, मोहोर, सगळं लागून गेलेलं. आता तो आत जाऊन दुसरं काही बोलला, तर खोटं त्याचं ठरणार नव्हतं, त्याला त्याची सवय होती. खोटा तिचा शिक्का ठरणार होता. तिचा पहिला. ज्या माणसाला बाजारात कोणी एक चहा थांबल्याशिवाय मानत नव्हतं, त्याला तिने कसलंही तारण न घेता आपली अख्खी पत उधार दिली होती, आणि वर विचारलंही नव्हतं. बस कंपनीचं पत्र हातात घेऊन उभी असलेली ती मुलगी त्याला दिसली, वडिलांच्या रागासमोर. तो राग येणार हे ठाऊक असून तिने सही केली होती. बाई ग, त्याने मनात म्हटलं, काय तुझी छाती!

बाई दुकानात खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. भिंतीवर छोट्या होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. शिडीवाला दाराशी उभा राहिला. धाकट्याने तोंड उघडलं, आणि सवयीने पहिल्यांदा एक हसू आलं. ते त्याने परत घेतलं. "निम्म्यावर बसव असं मी म्हणालो. उरलेले उद्या मारू, चष्मा कुठे पळून जातोय, असंही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी त्याला पाठवलं नाही." वाक्यं इतकी लहान होती की संपल्यावर खोलीत बरीच जागा उरली.

"हे काल का नाही सांगितलंत?" बाई म्हणाल्या.

"काल मी दुसरंच सांगितलं."

"ते आठवतं मला. हाड मोडलंय, कान शाबूत आहेत." त्यांनी चांगल्या हाताने चष्मा नाकावर नीट केला आणि त्याच्याकडे बघितलं, लांबच्या ओळी वाचायला लावलेल्या माणसाकडे बघावं तसं. "मला हे लेखी द्या. तुमच्या ताई देतात तसं. तोंडचं मी तुमचं घेणार नाही, राग मानू नका."

त्याने राग मानला नाही. त्याने फोन काढला, आणि मग लक्षात आलं की आपल्याला ते येतच नाही. बाजूला होऊन त्याने वर्कशॉपला फोन लावला. मागे गरम हवेचा आवाज येत होता.

"ताई, तो शिक्क्याचा कसा पाठवायचा ग?"

आवाज बंद झाला. "कोणाला?"

"बाईंना. आत्ता जे बोललो ते."

मग तिने नाक ओढलं. प्लास्टिकच्या वासाने तिला नेहमीच सर्दी असते. "मजकूर लिही. खाली दोन बटणं आहेत. उजवं दाबू नकोस, त्याने साधा जातो."

"साधा नको," तो म्हणाला.

आता हिशोब. डॉक्टरचा आणि नव्या पाटीचा खर्च वर्कशॉपने दिला. धाकट्याने तो आपल्या वाट्यातून घ्यायला लावला, आणि तसं थोरलीला कळवलं, शिक्क्याने. शिडीवाल्याची झोप बुडाली, ती कोणी भरून दिली नाही, पण रस्ता राहिला. थोरलीने पत लावली होती, ती तिला जशीच्या तशी परत मिळाली. धाकट्याचं मोठं भांडवल, ते हवेतलं, बुडालं; आता तो बोलायच्या आधी जरा थांबतो, आणि गिऱ्हाइकांना तो थोडा कमी गोड वाटतो. आणि सगळ्यात जास्त मोजलं ते चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी. थंडी पडली की त्यांचा खांदा अजून धरतो. निम्म्या बोल्टांच्या त्या फोनवर तर त्या नव्हत्याही.